नाणं हातात आहे, पण पुस्तक कुठलं उघडायचं?

लिलावाच्या यादीत नाण्याच्या फोटोखाली बारीक टायपात एक ओळ असते. कधी ‘क्रॉफर्ड ५०८/३’, कधी ‘आरआयसी’ आणि त्यापुढे खंड, टांकसाळ व आकडा, कधी नुसतं ‘केएम’ आणि एक संख्या. नवखा संग्राहक फोटो बघतो, किंमत बघतो आणि ही ओळ सोडून देतो. पण त्या पानावर सगळ्यात कामाची ओळ तीच. तो एका पुस्तकाचा पत्ता आहे. तो वाचता आला की पुस्तक सापडतं, त्या पुस्तकातून पुढचे लेख सापडतात आणि मग नाण्याविषयी तुम्हाला विक्रेत्यापेक्षा जास्त माहिती असण्याची शक्यता निर्माण होते.

‘नाण्याआधी पुस्तक घ्या’ हा संग्राहकांच्या जगातला जुना सल्ला. अमेरिकेतले पुस्तकविक्रेते आरन फेल्डमन यांनी १९६६ साली तो आपल्या जाहिरातीत वापरला आणि तेव्हापासून तो तोंडोतोंडी झाला. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. कुठलं पुस्तक, ते तो सांगत नाही. मी विकत घेतलेलं पहिलं पुस्तक म्हणजे जगभरच्या नाण्यांच्या रंगीत चित्रांचा जाडजूड ठोकळा होता. दिसायला सुरेख, पण माझ्याकडच्या एकाही नाण्याची ओळख त्यातून पटली नाही.

आधी नाण्याचा जबाब नोंदवा

पुस्तकाकडे जायच्या आधी नाण्याची नोंद कागदावर हवी. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणाऱ्या काट्यावर घ्या, व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. धातू कोणता वाटतो ते लिहा, पण ‘वाटतो’ हा शब्दही लिहा. कड कशी आहे बघा: गुळगुळीत, रेघांची की अक्षरांची. रेघा असतील तर उभ्या की तिरप्या. मग दोन्ही बाजूंच्या चित्रांचा एकमेकींशी असलेला कोन. पुढची बाजू सरळ धरून नाणं उभ्या आसाभोवती, म्हणजे पुस्तकाचं पान उलटतो तसं उलटवा. मागच्या चित्राचा माथा घड्याळातल्या कितीकडे बोट दाखवतो तो आकडा लिहा. यातली गंमत अशी की यंत्रावर पाडलेल्या नाण्यांत हा कोन बहुधा १२ किंवा ६ असतो आणि त्यात फरक दिसला की काहीतरी वेगळं आहे हे लगेच कळतं.

नाण्यावरचा मजकूर जसा दिसतो तसाच उतरवा. जे अक्षर पुसलंय तिथे टिंब द्या, मनाने भर घालू नका. अंदाजाने भरलेलं एक अक्षर दोन दिवसांचा शोध भलत्याच राजाकडे नेऊ शकतं. आणि नाणं घासून ‘स्वच्छ’ करायचा मोह आवरा. पुस्तकातल्या फोटोशी ताडून बघायचे बारीक तपशील त्या घासण्यातच जातात.

प्रश्न कोणता, त्यावर पुस्तक ठरतं

‘नाण्यांचं पुस्तक’ नावाची एकच वस्तू नसते. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला कॅटलॉग लागतो. ‘याची किंमत काय?’ याला छापील दरपत्रक किंवा त्याहून बरं म्हणजे लिलावांचे निकाल. ‘हे अस्सल आहे का?’ यासाठी बनावट नाण्यांवरचं साहित्य आणि अस्सल नाण्यांचे भरपूर फोटो. आणि ‘हे कुणी, कुठे, कशासाठी पाडलं?’ याचं उत्तर एखाद्या राजवटीवरच्या ग्रंथात, नियतकालिकातल्या लेखात किंवा जमिनीखाली सापडलेल्या निधीच्या अहवालात असतं. दरपत्रकात अस्सलपणा शोधणारे आणि इतिहासाच्या ग्रंथात किंमत शोधणारे दोघेही निराश होतात. त्यात पुस्तकाचा काही दोष नसतो.

पहिला धागा कुठून पकडायचा

यंत्रावर पाडलेलं, गेल्या दोनशे वर्षांतलं नाणं असेल तर काम सोपं आहे. न्युमिस्टा या संकेतस्थळावर देश, मूल्य, वर्ष आणि मजकुरातला एखादा शब्द टाकला की बहुतेक वेळा नोंद सापडते. ती नोंद वाचून थांबू नका. तिच्यात दिलेले छापील कॅटलॉगचे क्रमांक वहीत उतरवून घ्या, कारण आपल्याला तिथेच जायचं आहे.

रोमन साम्राज्याच्या नाण्यांसाठी ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’, म्हणजे ऑक्रे, हा विनामूल्य संग्रह आहे. न्यूयॉर्कमध्ये १८५८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने तो न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्राचीन जगाच्या अभ्यास संस्थेबरोबर उभा केला. सम्राटाचं नाव वाचता येत नसेल तरी मागच्या बाजूची देवता, टांकसाळ आणि मजकुराचा तुकडा यांच्या चाळण्या लावत जाता येतं. रोमन प्रजासत्ताकाच्या नाण्यांसाठी याच घरातला क्रो आहे, अलेक्झांडरच्या नाण्यांसाठी पेला आहे. रोमच्या अमलाखालच्या शहरांनी स्वतः पाडलेल्या नाण्यांसाठी ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज ऑनलाइन’ बघावं.

अरबी-फारसी लिपीतल्या नाण्यांशी माझी पहिली झटापट बरेच आठवडे चालली. शेवटी कळलं की सगळं वाचायची गरजच नसते. ‘ज़र्ब’ हा शब्द ओळखायला शिका. त्याच्या आसपास टांकसाळीचं नाव असतं. मग अंक शोधा. हिजरी वर्षाचं इसवी सनात रूपांतर करायची सोपी रीत अशी: हिजरी आकड्यातून त्याचे तीन टक्के वजा करा आणि ६२२ मिळवा. हिजरी १२०० मधून ३६ गेले, ११६४ उरले, ६२२ मिळवले की १७८६. प्रत्यक्षात ते वर्ष १७८५–८६ मध्ये पडतं, म्हणजे आपलं उत्तर एका वर्षाच्या आत आहे. टांकसाळ आणि साल एवढं हाती आलं की झेनो या संकेतस्थळावरच्या पौर्वात्य नाण्यांच्या फोटोंमध्ये जुळणारं नाणं शोधता येतं.

एक सावधगिरी. फोटो टाकून ओळख सांगणाऱ्या ॲपना आणि चॅटबॉटना विचारायला हरकत नाही, पण ते कॅटलॉगचा क्रमांकही छातीठोकपणे सांगतात आणि तो कधी कधी मुळात अस्तित्वातच नसतो. पुस्तकात स्वतः पाहिल्याशिवाय असा क्रमांक नाण्याच्या पाकिटावर लिहू नका.

क्रमांक वाचायची कला

आता त्या बारीक टायपातल्या ओळीकडे. ‘क्रॉफर्ड ५०८/३’ घ्या. हा मायकेल क्रॉफर्ड यांच्या १९७४ सालच्या ‘रोमन रिपब्लिकन कॉइनेज’ या ग्रंथातला क्रमांक. तिरप्या रेघेआधीचा ५०८ म्हणजे ब्रूटसच्या नावाने निघालेली एक मालिका आणि ३ हा तिच्यातला प्रकार: दोन खंजीर, मधे टोपी आणि खाली सीझरच्या खुनाच्या तिथीचा उल्लेख असलेलं प्रसिद्ध चांदीचं नाणं. या ग्रंथाचे क्रमांक साधारण कालक्रमाने चढत जातात. त्यामुळे आकडा ऐकूनच जाणकाराला काळाचा अंदाज येतो.

आरआयसी, म्हणजे ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’, इतकं सरळ नाही. हॅरॉल्ड मॅटिंगली आणि एडवर्ड सिडनहॅम यांनी त्याचा पहिला खंड १९२३ मध्ये काढला आणि दहावा खंड यायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात संपादक बदलले, मांडणी बदलली. सुरुवातीच्या पाच खंडांत प्रत्येक सम्राटापाशी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. सहाव्यापासून नवव्यापर्यंत ते टांकसाळीनुसार सुरू होतात. म्हणून कुणी नुसतं ‘आरआयसी ४३५’ लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. खंड हवा, सम्राट किंवा टांकसाळ हवी, मग क्रमांक. एवढ्यावरही भागत नाही. पहिल्या खंडाची सुधारित आवृत्ती १९८४ मध्ये आली, दुसऱ्या खंडाचा पहिला भाग २००७ मध्ये नव्याने लिहिला गेला आणि दोन्हींत क्रमांक बदलले. व्हेस्पेशियन या सम्राटाच्या एखाद्या नाण्याचा जुन्या विक्रेत्याने लिहिलेला क्रमांक आणि आजच्या ऑक्रेमधला क्रमांक जुळला नाही तर दोघांपैकी एक चुकला असं समजू नका. दोघं वेगवेगळी आवृत्ती वाचत आहेत.

‘केएम’ची कथा वेगळी. चेस्टर क्राउझ आणि क्लिफर्ड मिशलर यांच्या आडनावांची ती आद्याक्षरं. त्यांचा ‘स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ वर्ल्ड कॉइन्स’ १९७२ मध्ये पहिल्यांदा निघाला. पुढे तो शतकानुसार वेगवेगळ्या खंडांत विभागला गेला: १६०१–१७००, १७०१–१८०० असे. केएम क्रमांक प्रत्येक देशाच्या किंवा राज्याच्या नावाखाली वेगळे असतात, तेव्हा देशाशिवाय केएम म्हणजे गल्लीच्या नावाशिवाय घरनंबर. एकच प्रकार १७९५ ते १८०५ असा पाडला गेला असेल तर तो दोन खंडांत विभागून सापडतो आणि एकाच खंडात बघणाऱ्याला वाटतं, आपलं वर्ष नोंदलेलंच नाही. याच कॅटलॉगमध्ये कधी कधी ‘वाय’ किंवा ‘सी’ने सुरू होणारे क्रमांक दिसतात. ते आधीच्या येओमन आणि क्रेग यांच्या कॅटलॉगमधून आलेले आहेत.

आणखी काही पत्ते सांगून ठेवतो. ‘स्पिंक’ किंवा नुसतं ‘एस’ दिसलं आणि नाणं इंग्लंडचं असलं तर दरवर्षी निघणारा इंग्लंडच्या नाण्यांचा कॅटलॉग. पण ग्रीक, रोमन किंवा बायझंटाइन नाण्यापुढे ‘सिअर’ असेल तर तो डेव्हिड सिअर यांचा संदर्भ. इस्लामी नाण्यांपुढे ‘अल्बम’ किंवा नुसतं ‘ए’ म्हणजे स्टीफन अल्बम यांची ‘चेकलिस्ट’, तिसरी आवृत्ती २०११. तिच्यात चित्रं नाहीत, ती निव्वळ यादी आहे. हे माहीत नसताना मागवली तर पार्सल उघडल्यावर चेहरा उतरतो. चिनी ओतीव नाण्यांसाठी ‘हार्टिल’, २००५. ब्रिटिश वसाहतींसाठी ‘प्रिडमोर’.

प्रिडमोरची गरज कशी पडते ते एका उदाहरणाने सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीने मुघल बादशहा शाह आलम दुसरा याच्या नावाने पाडलेल्या कित्येक रुपयांवर राज्यवर्ष (म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष) १९ आणि टांकसाळ मुर्शिदाबाद एवढंच आहे. हे वर्ष गोठवलं गेलं आणि तेच वर्ष, तेच गावाचं नाव ठेवून अनेक दशकं नाणी निघत राहिली, तीही दुसऱ्या टांकसाळींतून. मजकूर कितीही अचूक वाचला तरी खरं साल कळत नाही. ते कळतं कडेवरच्या रेघा तिरप्या की उभ्या यावरून आणि बारीक खुणांवरून. सुरुवातीला कड नोंदवा म्हटलं ते यासाठीच. असाच प्रकार ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा थॅलरचा. त्यावर १७८० हे साल आहे, पण राणीच्या मृत्यूनंतरही ते कितीतरी देशांच्या टांकसाळींत पाडलं गेलं. तिच्या पदकातले मोती आणि गरुडाच्या शेपटीतली पिसं मोजत बसणारे अभ्यासक त्यातूनच तयार झाले.

प्राचीन ग्रीक नाण्यांचे जुने कॅटलॉग पहिल्यांदा हातात घेतले की माणूस गोंधळतो, कारण ते अकारविल्हे नसतात. व्हिएन्नाचे योझेफ एकेल यांनी १७९२ ते १७९८ दरम्यान आठ खंडांत जी मांडणी केली तीच पुढे रूढ झाली. तिच्यात शहरं भूमध्य समुद्राला प्रदक्षिणा घातल्यासारखी येतात. स्पेनपासून निघायचं, गॉल, इटली, ग्रीस, आशिया मायनर, सीरिया, इजिप्त करत उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला पोचायचं. बार्कले हेड यांचं ‘हिस्टोरिया नुमोरम’ याच वाटेने जातं. नकाशा शेजारी ठेवला की पानं आपोआप सापडू लागतात.

पुस्तक मिळवायचं कसं

ग्रंथालयात ड्यूई वर्गीकरण असेल तर ७३७ क्रमांकाच्या कपाटाकडे जा. नाणी ७३७.४ मध्ये. लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत असेल तर ‘सीजे’ हा वर्ग. मात्र सगळी पुस्तकं तिथेच असतील असं नाही. निधींचे अहवाल पुरातत्त्वात, चलनाचा इतिहास अर्थशास्त्रात आणि राजवटीवरचे ग्रंथ त्या त्या देशाच्या इतिहासात जाऊन बसलेले असतात. जवळच्या ग्रंथालयात पुस्तक नसेल तर वर्ल्डकॅटवर नाव टाकून ते कुठल्या ग्रंथालयात आहे ते बघा आणि आंतरग्रंथालयीन देवाणघेवाणीची विनंती करा. पूर्ण ग्रंथ मिळाला नाही तरी नेमक्या दहा पानांची प्रत मिळू शकते. अर्थात नेमकी दहा पानं कोणती हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

नाणेसंग्राहकांच्या संस्थांची ग्रंथालयं हा कमी वापरला जाणारा मार्ग आहे. अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनचं ग्रंथालय सभासदांना पुस्तकं उसनी पाठवतं. लंडनमध्ये १८३६ साली सुरू झालेली रॉयल न्युमिस्मॅटिक सोसायटी आणि ब्रिटिश न्युमिस्मॅटिक सोसायटी यांचं एकत्र ग्रंथालय वॉरबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये आहे. भारतात न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया १९१० पासून आहे आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राला वाहिलेली स्वतंत्र संशोधन संस्था आहे. कुठल्याही ग्रंथपालाला लिहिताना ‘मला नाण्यांवर माहिती हवी आहे’ असं लिहू नका. आवृत्ती, खंड, फलक (म्हणजे नाण्यांच्या फोटोंचं पान) क्रमांक लिहा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळण्याची शक्यता किती वाढते ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

घरबसल्या मिळणारं साहित्य आता अफाट आहे. स्वामित्वहक्काची मुदत संपलेले ग्रंथ इंटरनेट आर्काइव्ह, हाथीट्रस्ट, गुगल बुक्स आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका इथे आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रीक नाण्यांच्या कॅटलॉगचे १८७३ ते १९२७ मधले खंड, लेन-पूल यांचे पौर्वात्य नाण्यांचे खंड, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे व्हिन्सेंट स्मिथ आणि नेल्सन राइट यांनी केलेले १९०६ पासूनचे खंड हे असे शोधल्यास सापडतात. नाणकशास्त्राला वाहिलेलं सगळ्यात मोठं विनामूल्य भांडार म्हणजे न्यूमन न्युमिस्मॅटिक पोर्टल. सेंट लुईसमधलं वॉशिंग्टन विद्यापीठ ते चालवतं आणि एरिक न्यूमन या संग्राहक-संशोधकाच्या संस्थेच्या पैशावर ते उभं आहे. लिलावांचे कॅटलॉग, नियतकालिकं, पत्रव्यवहार, सगळ्यांत एकाच वेळी शब्द शोधता येतो.

स्कॅन केलेल्या प्रतींचा एक जुना रोग सांगतो. घडी घालून चिकटवलेले नकाशे आणि फलक स्कॅन करणाऱ्याने पुष्कळदा उलगडलेलेच नसतात. मजकूर नीट, पण नाण्यांचे फोटो काळपट डागांसारखे किंवा गायबच. अशा वेळी त्याच ग्रंथाची दुसऱ्या ग्रंथालयातून आलेली प्रत शोधा. इंटरनेट आर्काइव्हवर एका ग्रंथाच्या दोनतीन प्रती असणं नवल नाही. याच स्कॅनवरून छापून विकल्या जाणाऱ्या पुनर्मुद्रणांपासून तर दूरच राहा. अशी एक प्रत मी दाम मोजून घेतली होती, त्यात फलकांची पानंच नव्हती.

जुनी पुस्तकं विकत घेताना तीन गोष्टी बघा: आवृत्ती, फलकांची संख्या आणि सोबतची पुरवणी किंवा शुद्धिपत्र. ग्रंथात ‘फलक १ ते ४०’ असं म्हटलं असेल तर चाळीसही मोजा. पूर्वीचे मालक आपल्या नाण्यासारखा फोटो कापून पाकिटात ठेवत. कव्हर फाटकं असलं तरी बिघडत नाही.

पुस्तकाच्या पुढे

कॅटलॉग तुम्हाला ओळख देतो, पण तो लिहिणाऱ्याला ती माहिती कुठून मिळाली? प्रस्तावना आणि संदर्भसूची उघडा. मी तर नवं पुस्तक शेवटून वाचायला घेतो. संदर्भसूचीत जी दोनतीन नावं पुन्हापुन्हा येतात त्यांचे लेख शोधायचे. ते लेख नियतकालिकांत असतात. लंडनचं ‘न्युमिस्मॅटिक क्रॉनिकल’ जेस्टोर या लेखांच्या संकेतस्थळावर आहे, तिथे विनामूल्य खात्यावर महिन्याला ठरावीक लेख वाचता येतात. फ्रान्सचं ‘रव्ह्यू न्युमिस्मातिक’ पेर्से या तशाच फ्रेंच संकेतस्थळावर, ‘ब्रिटिश न्युमिस्मॅटिक जर्नल’चे जुने अंक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर. ओरिएंटल न्युमिस्मॅटिक सोसायटीची जुनी वार्तापत्रंही खुली आहेत. त्यांत दोन पानांच्या छोट्या टिपणात कधी कधी असं काही सापडतं जे कुठल्याच ग्रंथात अजून आलेलं नसतं. एखाद्या विषयावर गेल्या काही वर्षांत काय लिहिलं गेलं हे एकत्र हवं असेल तर आंतरराष्ट्रीय नाणकशास्त्र परिषद दर सहा वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनाच्या वेळी काढते तो ‘सर्व्हे ऑफ न्युमिस्मॅटिक रिसर्च’ पाहा.

निधीवरचा लेख हाती लागला तर तो आधी वाचा. एकटं नाणं फारसं बोलत नाही, घागरभर नाणी एकमेकांविषयी साक्ष देतात. १९०६ साली जोगळटेंभीला नहपान या क्षत्रपाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवला होता. कुणी कुणाचा पराभव केला, कुणानंतर कोण आलं, हे त्या ढिगाने सांगितलं. पुढचे कॅटलॉग हीच साक्ष घेऊन लिहिले गेले. तुमच्याकडच्या प्रकारचं नाणं कुठल्या निधीत, कोणत्या नाण्यांच्या संगतीत सापडलंय हे कळलं की त्याच्या काळाविषयीची कॅटलॉगमधली तारीख कशावर उभी आहे तेही कळतं.

लिलावांचे जुने कॅटलॉग वरकरणी विक्रीच्या जाहिराती, पण प्रत्यक्षात ते फोटोंचे सगळ्यात मोठे साठे आहेत. एसीसर्च आणि कॉइनआर्काइव्ह्ज इथे अलीकडच्या लिलावांची नाणी शोधता येतात. त्याआधीचे छापील कॅटलॉग न्यूमन पोर्टल आणि हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने खुले केलेत. यातून तीन कामं होतात. किंमत कळते, आणि ती छापील दरपत्रकापेक्षा खरी असते. मात्र दिसणाऱ्या आकड्यात लिलावगृहाचं शुल्क धरलंय का ते तपासा. दुसरं, नाण्याची मालकी मागे मागे शोधता येते. तिसरं काम बनावट नाण्यांचं: ओतून केलेल्या नकलेवर मूळ नाण्यावरची खोक, ओरखडा, कडेचा तडा जसाच्या तसा उतरतो. दोन वेगळ्या लिलावांत दोन वेगळ्या नाण्यांवर एकच ओरखडा एकाच जागी दिसला तर त्यातलं निदान एक खोटं. पट्टीच्या बनावटखोरांवर स्वतंत्र पुस्तकंही आहेत. जर्मनीच्या कार्ल विल्हेल्म बेकरने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वतः ठसे कोरून प्राचीन नाणी ‘बनवली’. जॉर्ज हिल यांनी १९२४–२५ मध्ये त्याच्या कामाचं पुस्तक केलं. प्राचीन नाणी घेणाऱ्याने ते एकदा तरी चाळावं.

शेवटी टांकसाळीची स्वतःची दप्तरं. वाचायला रूक्ष, पण मूळ पुरावा. त्यांतही फसायला होतं. अमेरिकेच्या टांकसाळीच्या दप्तरात १८०४ साली १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे. ती नोंद खरी आहे, पण ती नाणी आधीच्या सालाच्या ठशांनी पाडलेली होती. ज्यांच्यावर १८०४ लिहिलंय ती जगप्रसिद्ध नाणी १८३४–३५ मध्ये राजनैतिक भेटींसाठी पहिल्यांदा तयार झाली. एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट यांनी १९६२ च्या पुस्तकात हा गुंता सोडवला. टांकसाळ हिशेब ठेवते तो त्या वर्षात किती नाणी बाहेर पडली याचा. नाण्यावर कोणतं साल आहे याच्याशी त्या हिशेबाला देणंघेणं नसतं.

पुस्तकाचं वय

प्रत्येक ग्रंथ एका तारखेला थांबतो. आरआयसीत नाण्यांपुढे ‘आर’पासून ‘आर५’पर्यंत दुर्मिळतेच्या खुणा आहेत. त्या संपादकांनी त्या वेळी पाहिलेल्या संग्रहांवर बेतलेल्या. धातुशोधक यंत्रं आल्यावर जमिनीतून जो पूर आला त्याने त्यांतल्या कित्येक खुणा निरर्थक केल्या. विक्रेते मात्र ‘आर४’ अजून अभिमानाने छापतात. शिवाय दुसऱ्या पुस्तकातलं ‘आर४’ म्हणजे वेगळंच काहीतरी असू शकतं. जुन्या ग्रंथातली वर्णनं आणि वजनं अजून पक्की असतात, वाचलेला मजकूर बहुधा बरोबर असतो, तारखा संशयास्पद, आणि किंमती तर करमणुकीपुरत्या.

भाषेची भीती बाळगू नका. बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया इथलं काम अनेक क्षेत्रांत इंग्रजीच्या पुढे आहे आणि कॅटलॉगचा शब्दसंग्रह शंभरएक शब्दांचा असतो. एक फसगत टाळा: जर्मन कॅटलॉगमध्ये ‘एव्ही’ ही अक्षरं कधी ‘आव्हर्स’ म्हणजे पुढच्या बाजूसाठी येतात, तर सगळ्या कॅटलॉगांत तीच अक्षरं सोन्याच्या लॅटिन नावावरून सोन्यासाठीही येतात. चांदीला ‘एआर’, तांब्या-काशाला ‘एई’.

नोंदवही, आणि ‘सापडत नाही’ तेव्हा

प्रत्येक नाण्यासमोर चार गोष्टी लिहा: ग्रंथ, आवृत्ती, खंड-पान, क्रमांक. त्याखाली कुठे पाहिलं आणि सापडलं *नाही* तेही. ही दुसरी यादी बहुतेक जण ठेवत नाहीत आणि सहा महिन्यांनी तीच पुस्तकं पुन्हा चाळतात. संदर्भ नोंदवायचं झोटेरोसारखं विनामूल्य साधन किंवा साधी स्प्रेडशीट पुरते. स्कॅनच्या फाइलला लेखक, वर्ष आणि विषय असं नाव द्या. ‘डाउनलोड-२३’ ही फाइल पुन्हा कधीच सापडत नाही.

सगळं करूनही नाणं कुठेच मिळालं नाही तर ‘अप्रकाशित’ लिहायची घाई नको. तुम्ही पाहिलेल्या पुस्तकांत ते नाही एवढंच तुम्हाला माहीत आहे. मजकूर पुन्हा वाचा, टिंबं दिलेल्या जागी दुसरं अक्षर बसतं का बघा, शेजारच्या शहराच्या आणि शेजारच्या राजाच्या पानांवर नजर टाका. त्यानंतरही वेगळंच वाटलं तर त्या मालिकेवर काम करणाऱ्या अभ्यासकाला किंवा संग्रहालयातल्या नाणेविभागाला लिहा. दोन्ही बाजूंचे एकाच मापाचे, सपाट प्रकाशातले फोटो, वजन, व्यास, कोन, कडेचं वर्णन आणि तुम्ही तपासलेल्या ग्रंथांची आवृत्त्यांसकट यादी पाठवा. उत्तर बहुधा त्या यादीमुळेच येतं.